टेकू, मेढ, पाठबळ, भिस्त : वापर सांगणाऱ्या पर्यायकोशासाठी खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
राज्य मराठी विकास संस्था, मुंबई

विषय : मराठी समानार्थी शब्दांचा, त्यांच्या वापरासह कोश तयार करण्याबाबत



२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. एका जुन्या शब्दाच्या आयुष्यातलाही तो मोठा दिवस ठरला. आज तहसील कचेरीच्या खिडकीवर ‘आधार आणलंय का?’ असे विचारतात, बँकेत ‘आधार लिंक करून घ्या’ म्हणतात, आणि ऐन वेळी सापडत नाही म्हणून घरोघरी कपाटे उपसली जातात. या धावपळीत बोलणाऱ्यांनी व्याकरणाचे एक काम चोख केले. म्हाताऱ्या आईला मुलाचा आधार मिळाला, पण त्याच आईचं आधार हरवलं. माणसाचा आधार पुल्लिंगी राहिला. कार्डाचे आधार बोलताना नपुंसकलिंगी झाले. हे कोणत्या समितीने ठरवले नाही. दोन अर्थ वेगळे ठेवण्याची गरज होती आणि लोकांनी ती लिंगाने भागवली.

असे बारीक फरक टिपणारा, जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र आणून प्रत्येकाची जागा सांगणारा कोश मराठीने करावा, हे मागणे घेऊन हे पत्र आपल्याकडे येत आहे. ‘आधार’ या शब्दाचे कुळ त्यासाठी नमुन्यादाखल घेतले आहे.

समानार्थी शब्दांच्या याद्या मराठीत कमी नाहीत. शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत त्या असतात, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत असतात. आधार म्हणजे आश्रय, टेकू, पाठबळ, आसरा अशी एक ओळ विद्यार्थी पाठ करतो आणि गुण मिळवतो. तोच विद्यार्थी पुढे ग्रामपंचायतीचा ठराव, रुग्णालयातली सूचना किंवा बातमी लिहायला बसतो तेव्हा ती ओळ त्याच्या कामी येत नाही. यादी शब्द हातात देते. तो कुठे शोभेल आणि कुठे घात करील, हे सांगत नाही.

‘पाठ’ या एका अवयवापासून मराठीने आधाराचे केवढे गोत उभे केले आहे पाहा. पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, पाठीराखा. यादीत हे शेजारी बसतात, वाक्यात मात्र एकमेकांच्या जागी जात नाहीत. पाठिंबा बोलून दाखवावा लागतो. तो जाहीर होतो, सशर्त असतो, आतून किंवा बाहेरून असतो आणि काढूनही घेता येतो. नोव्हेंबर १९९० मध्ये चंद्रशेखर पंतप्रधान झाले ते काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर. काँग्रेसशी बिनसले आणि मार्च १९९१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पाठबळाचे तसे नाही. ते पैशाचे असते, माणसांचे असते, संस्थेचे असते. त्याची घोषणा होत नाही, त्याच्या जोरावर झालेले काम दिसते. पाठिंबा ‘काढून घेतला’ जातो. पाठबळ ‘कमी पडते’.

पाठराखणीचा प्रवास या सगळ्यांत लांबचा. लग्न होऊन पहिल्यांदा सासरी निघालेल्या मुलीसोबत माहेरचे एक बाईमाणूस पाठवत, ती पाठराखीण. परक्या घरात लेकीला आपले कोणी असावे, ही त्यामागची माया. आज ‘मंत्र्यांनी अधिकाऱ्याची पाठराखण केली’ असे वर्तमानपत्रात छापून आले की अधिकाऱ्याचे काहीतरी चुकले आहे, हे वाचकाला न सांगता कळते. ‘पाठीशी उभे राहणे’ आणि ‘पाठीशी घालणे’ यांत तर केवळ क्रियापदाचे अंतर आहे. पूरग्रस्तांच्या पाठीशी उभे राहायचे असते. गुन्हेगाराला पाठीशी घातले जाते. परदेशात वाढलेली, पुस्तकातून मराठी शिकणारी मुले हा फरक कुठे पाहणार? कोशात ‘पाठीशी’ या शब्दापुढे नुसते ‘मागे, आधाराला’ एवढेच असेल तर त्यांच्या हातून सहानुभूतीच्या जागी आरोप लिहिला जाईल.

समानार्थी शब्दांचे वेगळेपण बहुतेकदा असे क्रियापदातच दडलेले असते. आधार देतात, घेतात आणि तो वाटतोही. टेकू लावतात. हातभारही लावतात, पण त्यात आपला वाटा छोटा असल्याची नम्रता असते. धीर देतात, धरतात. तो सुटतो, खचतो. दुजोरा बातमीला किंवा विधानाला देतात, माणसाला नाही. साथ दिली तर सोबत, साथ पसरली तर रोगराई. २०२० साली हे दोन्ही अर्थ महाराष्ट्रातल्या घराघरांत एकाच वेळी वावरत होते आणि कोणाचा गोंधळ झाला नाही, कारण क्रियापद वाट दाखवत होते.

‘थारा’ बहुधा नकारातच येतो. अफवांना थारा देऊ नका, हे पोलिसांचे आवाहन. मनाला थारा नाही, ही घरातली तगमग. ‘त्यांनी मला थारा दिला’ हे वाक्य चुकीचे नाही, पण बाकी सगळीकडची दारे बंद झाली होती ही खंत त्यात न सांगता येते. ‘आसरा’ थोड्या वेळाचा, पावसात झाडाखाली किंवा देवळाच्या ओसरीवर घेतलेला. पाण्याकाठी पूजल्या जाणाऱ्या साती आसरा या जलदेवता मात्र वेगळ्याच. त्यांचे नाव अप्सरांवरून आलेले. उच्चार एक, मूळ दोन. कोशाने हेही सांगायला हवे.

घर बांधणाऱ्यांनी भाषेला दिलेले शब्द तर आता अर्थासकट विसरले जात आहेत. जुनी घरे खणांत मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि घर किती खणांचे यावरून त्याचा आकार कळे. म्हणजे घराचे मोजमापच त्याला तोलून धरणाऱ्या लाकडांवरून होत होते. मेढ म्हणजे जमिनीत रोवलेला खांब. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब मुहूर्त पाहून रोवत, ती मुहूर्तमेढ. शाळेची, कारखान्याची, चळवळीची मुहूर्तमेढ आजही वर्तमानपत्रांतून रोवली जाते, पण त्यातली मेढ अनेक तरुण वाचकांच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. म्हणूनच कधी मुहूर्तमेढ ‘ठेवली’ जाते, कधी ‘घातली’ जाते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, या म्हणीतला वासा छपराचे ओझे पेलणारा असतो, हे माहीत असल्याशिवाय तिच्यातले दुःख पोचत नाही. आधार देणाऱ्यांनीच उलटावे, हे ती म्हण सांगते.

टेकू हा या घरातला तात्पुरता पाहुणा. भिंत कलली, फांदी वाकली, केळीचा घड जड झाला की टेकू लावायचा. जळगावच्या केळीच्या बागांमध्ये बांबूचा टेकू ही शेतीच्या खर्चातली एक बाब आहे आणि तिथे या शब्दात काही उणेपणा नाही. राजकारणाच्या बातमीत मात्र ‘टेकूवर उभे असलेले सरकार’ म्हटले की सरकारचा कमकुवतपणा आधी दिसतो. गोव्यातल्या कोकणीत ‘तेंको’ हा टेकूच्या जवळचा वाटणारा शब्द पाठिंब्यासाठी सरळ, सन्मानाने वापरला जातो. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या गोव्यातल्या पत्रकाराने तेंकोच्या जागी टेकू लिहिला तर पाठिंबा देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही मान जाईल.

शेतीत आधाराच्या इतरही कितीतरी तऱ्हा आहेत. द्राक्षवेलीला मांडव लागतो. मिरजेकडच्या पानमळ्यांत खाऊच्या पानांची वेल शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशा झाडांवर चढवतात. ही झाडे वेलीला उभे करतात आणि सावलीही धरतात. इथला आधार जिवंत असतो, वेलीबरोबर वाढतो. बांबू, मांडव आणि शेवरी या तिन्हींना प्रश्नपत्रिकेत ‘आधार’ हे एकच उत्तर चालेल, शेतात चालणार नाही.

आणि कणा? तो या सर्वांपासून वेगळा. टेकू बाहेरून लावता येतो, पाठिंबा दुसऱ्याकडून मिळतो, कणा ज्याचा त्याचाच असतो. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेत पुराने घर उद्ध्वस्त झालेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो तो पैशांसाठी नाही; त्याचा कणा मोडलेला नसतो. शेती हा अर्थव्यवस्थेचा कणा, शिक्षक हा समाजाचा कणा, लहान उद्योग हा रोजगाराचा कणा, अशी वाक्ये भाषणांत आणि अग्रलेखांत इतक्यांदा येतात की शब्द झिजत चालला आहे. ‘मुंबईची जीवनवाहिनी’ या शब्दप्रयोगाचेही तसेच. लोकल तीच, एसटी तीच, पाण्याचे धरणही तेच. लिहिणाऱ्यासमोर आधाराचे पूर्ण कुळ उलगडलेले असेल तर तो प्रत्येक ठिकाणी तीच दोन नाणी काढणार नाही.

काही शब्द आधार देणाऱ्याच्या बाजूने बोलतात, काही घेणाऱ्याच्या. मदार आणि भिस्त हे घेणाऱ्याचे शब्द. मदार अरबीतून आलेला; ज्याभोवती फिरायचे तो आस, हा त्याचा मूळ अर्थ. कोरडवाहू शेतकऱ्याची सगळी मदार पावसावर असते, पावसाला त्याचे काही सोयरसुतक नसते. सामन्यात संघाची भिस्त एखाद्या गोलंदाजावर असते, तेव्हा त्याने तसे वचन दिलेले नसते. पोशिंदा हा मात्र देणाऱ्याचा शब्द आहे. शेतकऱ्याला जगाचा पोशिंदा म्हणताना त्याच्यावर आपली भिस्त आहे एवढेच सांगायचे नसते, तो आपल्याला पोसतो हे कबूल करायचे असते.

शब्दांच्या निवडीवर केवळ लिखाणाची शोभा अवलंबून असते, असे समजू नये. दरवर्षी केंद्र सरकार २२ पिकांसाठी किमान आधारभूत किंमत जाहीर करते. महाराष्ट्रातले शेतकरी आणि वर्तमानपत्रे तिला हमीभाव म्हणतात. आकडा एकच, पण दोन शब्द दोन निरनिराळी वचने देतात. आधारभूत किंमत हा सरकारी खरेदीसाठी ठरवलेला दर आहे. त्या दरापेक्षा कमी भावाने बाजार समितीत सोयाबीन विकले जाऊ शकते आणि जातेही. हमी म्हटले की तेवढे मिळणारच, असा त्याचा अर्थ होतो. उसाची गोष्ट वेगळी. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे बोलीतली एफआरपी, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली साखर कारखान्यांवर बंधनकारक आहे आणि ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची मुदतही त्यात आहे. शेतकऱ्याने कशाला आधार समजावे आणि कशाला हमी, हे नीट सांगणारी नोंद कोशात असेल तर ती शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यालाही उपयोगी पडेल आणि बातमीदारालाही.

‘निराधार’ हा असाच शब्द. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली आणि हे विशेषण सरकारी वर्गवारीचे नाव झाले. गावाकडच्या वृद्ध बायका आज ‘निराधारचे पैसे आले का?’ असे सहज विचारतात. त्यांच्या तोंडी तो हक्काचा पैसा असतो, दयेचा नाही. पण तोच शब्द कोणी समारंभात एखाद्या विधवेकडे पाहून उच्चारला तर तिला लागतो. नोंद करताना हे दोन्ही सूर लिहायला हवेत.

घरातल्या आधाराला मराठीत ‘कर्ता’ म्हणतात. अपघाताच्या बातमीत ‘कुटुंबाचा कर्ता पुरुष गेला’ हे वाक्य ठरलेले असते. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या कायद्यातही कर्ता हाच शब्द आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला आणि डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कुटुंबातली थोरली मुलगीही कर्ता होऊ शकते असा निर्णय दिला. मराठी बोलीने ही वाट आधीच मोकळी ठेवली होती. ‘कर्तीसवरती’ हा शब्द आपल्या घरांत जुना आहे. नवऱ्यामागे शेत, कर्ज आणि मुले सांभाळणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या स्त्रियांबद्दल लिहिताना तो वापरला पाहिजे. कोशात तो ‘कर्ता’च्या शेजारी दिसला तर वापरणाऱ्याला आठवेल.

शोकसंदेशांत ‘आधारवड कोसळला’, ‘छत्र हरपले’. गणेशोत्सवाच्या फलकांवर आणि दिवाळी अंकांच्या श्रेयनामावलीत ‘आधारस्तंभ’. मैफिलीच्या वर्णनात तानपुऱ्याचा षड्ज हा ‘आधारस्वर’. जुन्या नाटकमंडळ्यांच्या इतिहासात ‘राजाश्रय’ आणि ‘लोकाश्रय’. प्रत्येक क्षेत्राने आपला शब्द घडवला आहे. तरुण मुले-मुली या सगळ्यांसाठी ‘सपोर्ट’ म्हणतात. ‘मला घरच्यांचा फुल सपोर्ट आहे’ या वाक्यात पाठिंबा, पाठबळ, साथ आणि प्रोत्साहन एकत्र कोंबलेले असतात. त्या मुलांना दोष देऊन काही होणार नाही. सपोर्टही कोशात यावा आणि त्याच्याखाली ‘नेमके काय म्हणायचे आहे त्याप्रमाणे’ मराठी शब्दांची दारे उघडी असावीत.

संचालक महोदय, हे काम मराठीला परके नाही. ज्याला आपण अमरकोश म्हणतो त्या संस्कृत ग्रंथाचे खरे नाव ‘नामलिंगानुशासन’ आहे. अमरसिंहाने विषयवार पर्याय दिले आणि त्यांची लिंगेही सांगितली. म्हणजे शब्द कसा चालवायचा हे शिकवणे त्याच्या नावातच आहे. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द झाले. दाते-कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले आणि नंतर वाक्संप्रदायांचाही कोश केला. १९९९ मध्ये तुळपुळे आणि फेल्डहाऊस यांचा प्राचीन मराठीचा कोश प्रसिद्ध झाला. हा वारसा फार मोठा आहे, पण त्यातले मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे आज संगणकावर शोधायचे तर मराठी वाचक अनेकदा शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जातो.

इंग्रजीत रॉजेटने वयाच्या ७३ व्या वर्षी, १८५२ मध्ये, कल्पनांनुसार मांडलेला पर्यायकोश प्रसिद्ध केला. हिंदीत अरविंद कुमार आणि कुसुम कुमार या दांपत्याने त्याच धर्तीवर सुमारे दोन दशके खपून दीड लाखाहून अधिक शब्दप्रयोगांचा ‘समांतर कोश’ केला. तो १९९६ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने छापला. त्या कामाचा विचार मुंबईत सुरू झाला होता. अरविंद कुमार तेव्हा इथे ‘माधुरी’ या चित्रपटविषयक पाक्षिकाचे संपादक होते. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली मराठीचे शब्दजाळे उभारले गेले आहे आणि त्यात समानार्थी शब्दांचे गट बांधलेले आहेत. म्हणजे पाया तयार आहे. त्यावर वापराची नोंद चढवायची आहे.

ती नोंद कशी असावी? शब्दांची कुळे करावीत आणि प्रत्येक शब्दापुढे त्याचे लिंग, त्याच्याशी जुळणारी क्रियापदे, कोण कोणाला उद्देशून वापरतो, सूर आदराचा की उणेपणाचा, कोणत्या भागात आणि कोणत्या कामात तो चालतो हे लिहावे. प्रत्येक नोंदीला छापील किंवा बोललेल्या मराठीतले खरे वाक्य असावे. मंडळावर भाषातज्ज्ञांबरोबर सुतार, शेतकरी, परिचारिका, अंगणवाडी सेविका, वकील आणि वार्ताहर असावेत, कारण आधाराचे शब्द त्यांच्याच कामात रोज वापरले जातात. कोश सर्वांसाठी मोफत आणि खुला असावा, यंत्रालाही वाचता येईल अशा रूपात असावा. भाषांतराची यंत्रे आज जो शब्द समोर येईल तो उचलतात. त्यांना ‘पाठीशी घालणे’ आणि ‘पाठीशी उभे राहणे’ यांतला फरक कोणीतरी शिकवला पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. राज्य मराठी विकास संस्था १ मे १९९२ पासून मराठीच्या विकासासाठी उभी आहे. या कामासाठी तिच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. सगळा कोश एका दमात होणार नाही आणि तसा आग्रहही नाही. एकच कुळ घ्यावे, ‘आधारा’चे घेतले तरी चालेल, आणि त्याचा पूर्ण नमुना येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, लोकांसमोर ठेवावा. चुका लोक दाखवतील, भर लोक घालतील.

हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकालाही विनंती आहे. आपल्या घरात, शेतात, कामाच्या ठिकाणी आधारासाठी जो शब्द बोलला जातो तो, ज्या वाक्यात बोलला जातो त्या वाक्यासकट, गावाच्या नावासह लिहून ठेवावा आणि संस्थेला कळवावा.



एक मराठी वाचक